पाव किलो आभाळ

त्या दिवशी सकाळी आम्ही दोघं नवराबायको गॅलरीत उन्हाला बसून कापडाच्या मगरीच्या शेपटाला आरशाचे आभले लावत होतो. म्हणजे लावत ती होती, मी सुया ओवून देत होतो. तिच्या एका डोळ्यात मोतीबिंदू होता आणि दुसरा, ती म्हणायची, पहिल्याच्या संगतीनं आळशी झाला होता. म्हणून रोज सकाळी चहा झाला की मी तिच्या सगळ्या सुयांत काळा दोरा ओवून त्या उशीत टोचून ठेवायचो. जन्मभर गोरव्याच्या कारखान्यात फिटर होतो, बारीक भोक मला अजून दिसतं. शेपूट रविवारी स्टेजवर जायचं होतं आणि ते पुरं व्हावं एवढाच तिचा ध्यास होता. ऊन सरकलं तेव्हा फक्त टोक राहिलं होतं. ती म्हणाली, "राहू दे. आभला उन्हाशिवाय लावू नये. वाकडा बसतो आणि कळत नाही. उद्या सकाळी." सुई तिथेच टोकाशी टोचून ठेवली आणि आम्ही जेवायला बसलो. भात आणि कढी. कढीत साखर घालायला ती बडोद्याला येऊन शिकली, आणि मी इथेच जन्मलो तरी मला ती कधी आवडली नाही. मी म्हटलं, कढी गोड झालीय. ती म्हणाली, "मग उद्या तुम्ही करा."

जेवून ती आडवी झाली. चहाच्या वेळी मी दोन कप केले आणि हाक मारली. एका कपावर साय धरली तरी ती उठली नाही.

आमचा सगळा दांडिया बाजार तिला मासी म्हणायचा. गुजरातीत मासी म्हणजे मावशी. आणि मासीचा नवरा तो मासा. म्हणजे मी. मराठी माणसाला आयुष्यभर लोकांनी मासा म्हणून हाक मारावी, याचं तिला फार हसू यायचं. भाजीवाला खालून ओरडायचा, "केम छो मासा?" की ती आतून म्हणायची, "ताजा आहे." मी रागावलो की म्हणायची, रागावून जाणार कुठे, गळाला लागून जमाना झाला. पुढे पुढे मीही तिला मासीच म्हणायला लागलो. तिचं खरं नाव एकदम तोंडावर यायचं नाही. त्या संध्याकाळी स्मशानातल्या माणसाने नाव विचारलं तेव्हा मी मासी सांगितलं. त्याने दोनदा विचारलं.

ती साताऱ्याकडच्या गावातून लग्न होऊन इथे आली. भरतकाम येत होतं, पण आरशांचं काम तिने इथेच पाहिलं. चणियाचोळीला लावतात ते छोटे गोल आरसे, त्यांना इथे आभला म्हणतात. शेजारणीने सांगितलं की मांडवीत जा आणि आभला घेऊन ये, वजनावर मिळतात. हिने ऐकलं आभाळ. नवी सून, उलट विचारायची लाज. मांडवीतल्या दुकानात जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "पाव किलो आभाळ द्या." दुकानदाराने काही न बोलता पुडी बांधून दिली. घरी येऊन तिने ती गॅलरीत उघडली, तर आत खरंच आभाळ. प्रत्येक तुकड्यात थोडं थोडं. ती म्हणायची, मी चुकलेच नव्हते, शब्द तोच आहे, या लोकांनी त्याचे तुकडे केलेत. तो दुकानदार म्हातारा होऊन गेला, त्याचा मुलगा गल्ल्यावर बसला, पण शेवटपर्यंत हिने दुसऱ्या शब्दात आभले मागितले नाहीत. तो मुलगाही विचारायचा, "मासी, आज आकाश केटलुं?" किती, म्हणून.

घरोघरी केबल आली, बाजारात नवनवीन माल दिसायला लागला, त्या वर्षांत आमच्या मागच्या गल्लीतला केदार केस वाढवून फिरायला लागला. त्याचे पणजोबा बडोदा सरकारच्या फौजेत घोड्यावर, बाप बँकेत, आणि हा गळा फाडून गाणारा. चार मित्रांना धरून त्याने बँड काढला होता. नाव मगर, आपल्या विश्वामित्री नदीतल्या मगरींवरून. मी विचारलं, कसलं संगीत? तो म्हणाला, "हेवी मेटल, मासा." मी म्हटलं, ते मी गोरव्याला दिवसभर उचलतो, संध्याकाळी कोण ऐकणार. मासीने मला हाताने गप्प बसवलं. तिला त्याच्या कामाशी मतलब होता. त्याला काळा झगा हवा होता, मगरीच्या पाठीसारखा, मागे लांब शेपूट. तिने एकच विचारलं, "मगर काठावरची की पाण्यातली?" केदार म्हणाला, काय फरक पडतो. ती म्हणाली, "काठावरची मातीसारखी दिसते. पाण्यातली चमकते." तो विचारात पडला आणि म्हणाला, पाण्यातली. मग तिने पाठीवरून शेपटाच्या टोकापर्यंत खवल्यांच्या जागी आभले बसवले. घरात महिनाभर पाऊल टाकायला जागा नव्हती. शेपटावर पाय पडला की ओरडायची, जणू जिवंत आहे.

ते पाहायला आम्ही एकदाच गेलो. नदीपलीकडे अकोट्याकडच्या एका मैदानात, तिन्हीसांजेला. आमच्या वयाचं कोणी नव्हतं. पोरं सगळी काळ्या कपड्यांत, कुणाच्या मयताला आल्यासारखी. मासी हिरव्या साडीत, चिवड्याचा डबा घेऊन. मी दोन्ही कानांत कापूस घातला. त्यामुळे मला सगळं पाण्याखालून ऐकू येत होतं. ढोल खोल कुठेतरी वाजत होता, कानापेक्षा पोटात जास्त कळत होता. धूर सोडला आणि त्यातून केदार चारी पायांवर रांगत आला. पोरं हसली. मग कुणीतरी एक दिवा त्याच्या पाठीवर टाकला आणि हसणं थांबलं. एकेका आभल्यातून एकेक ठिपका निघाला. पोरांच्या तोंडांवर, झाडांवर, मासीच्या साडीवर ठिपके पोहायला लागले. केदार श्वास घेई तसे ते हलत. मला वाटलं, आपण नदीच्या तळाशी बसलोय आणि वर कुठेतरी ऊन पडलंय. मासीने माझा हात धरला. चारचौघांत तिने माझा हात लग्नात धरला होता, त्यानंतर तेव्हाच. काहीतरी म्हणालीही, पण कापसामुळे मला ऐकू आलं नाही. घरी येताना विचारलं तर म्हणाली, "ऐकायचं होतं तर कापूस काढायचा होता." अजूनही दुपारी डोळा लागला की ती हिरव्या साडीत बसलेली असते, ओठ हलतात, आणि मला ऐकू येत नाही.

तिसऱ्या का चौथ्या गाण्याला शेपूट वायरीत अडकलं आणि एक गिटार मुकी झाली. लालो नावाचा एक जाडा पोरगा पुढे बसला होता. तो स्टेजवर चढला आणि पुढचा सगळा कार्यक्रम शेपूट हातावर घेऊन केदारच्या मागे चालला, नवरीची साडी सांभाळणाऱ्या करवलीसारखा. मासी जागेवरून ओरडत होती, "शेपूट उचल रे, आभले निघतात." तेव्हापासून ते वाक्य त्या पोरांत रूढ झालं. कोणी सुस्तावला की म्हणायचे, शेपूट उचल, आभले निघतात.

दुसऱ्या दिवसापासून बँडवाले नव्हे, तर त्यांचे चाहते आमच्या जिन्यात येऊन बसायला लागले. झगा कोणी शिवला ते बघायला आले आणि चहा मिळतो म्हटल्यावर येतच राहिले. त्यांत लालो आणि वकील हे मुख्य. वकील वकिलीचं शिकत नव्हता, फक्त भांडायचा तसा. त्याचं म्हणणं, हे संगीत गंभीर आहे, मरणावर आहे, त्यात शेपूट कशाला. ही नाटकमंडळी झाली. लालो म्हणायचा, मला शब्द कळत नाहीत, मी शेपटासाठीच जातो. वकिलाची गाडी नेहमी एकाच जागी अडकायची. गाणं जबरदस्त आहे, मगर. आवाज खतरा आहे, मगर. हिंदीतला तो मगर ऐकून मासी पदर तोंडाला लावून हसायची. ती म्हणायची, अरे, तुमच्या बँडचं नावच तू दर वाक्याला घेतोस आणि म्हणतोस आवडत नाही. एकदा त्याने तिलाच सरळ विचारलं, मासी, खरं सांग, हे सोंग नाही का? ती आभला लावता लावता म्हणाली, "सोंग आहेच. पण अर्धं सोंग लाजिरवाणं दिसतं. पुरं केलं की लोक गप्प बसतात. तूही गप्प बसला होतास, मी बघितलं."

पैशावरूनही त्यांचं रोज चाले. धुराच्या मशिनीला पैसे आहेत आणि चांगल्या स्पीकरला नाहीत, हे काय. बापाच्या जिवावर चाललंय. नाही, बापाने तर घराबाहेर काढायची धमकी दिलीय. मग बँडने स्वतः खर्च करून एक कॅसेट काढली आणि वकील विचारायला लागला, तिचे पैसे गेले कुठे, दुसरी का निघत नाही. तेव्हा मासीने सुई खाली ठेवली. ती सुई खाली ठेवायची म्हणजे समजायचं. तिने जिन्यातल्या एकेकाला विचारलं, तुझी कॅसेट विकत घेतलेली का? लालोने घेतली होती. बाकी सगळ्यांनी लालोची घरी नेऊन उतरवून घेतली होती. वकिलानेसुद्धा. ती म्हणाली, "मग पैसे कुठे गेले विचारतोस? तुझ्याच खिशात आहेत, बघ." त्या दिवशी वकील चहा अर्धा टाकून गेला. दुसऱ्या दिवशी आला तो उरलेला मागायला.

खरं भांडण नवरात्रीत झालं. वर्षभर बँडला जे मिळत नव्हतं ते गरब्याच्या ऑर्केस्ट्रात नऊ रात्रींत मिळत होतं. ढोलवाला आणि गिटारवाले तिकडे वाजवायला गेले, केदारही कोरसमध्ये उभा राहिला. बडोद्यात ज्याला वाजवता येतं त्याला नवरात्रीत घरी कोण बसू देतो? पण जिन्यात सुतक पडलं. विकले गेले, संपले, आता मगरीची गरोळी झाली, म्हणजे पाल. वकिलाने बहिष्कार जाहीर केला. मासी म्हणाली, पोट भरायला ते आणि जीव भरायला हे, दोन्हीकडे कपडे मीच शिवते, मला विचारा. कुणी विचारलं नाही. आणि चौथ्या माळेला बहिष्कारवाला वकील त्याच ऑर्केस्ट्रापुढे गोल फिरताना दिसला. अंगात आभल्यांचं केडियुं, म्हणजे गरब्याचा आखूड अंगरखा. ते मासीनेच शिवलं होतं, त्यामुळे तिला लांबूनही ओळखू आलं.

हसण्यावारी गेलं असतं, पण गेलं नाही. पुढच्याच कार्यक्रमात केदार झगा घालून आला आणि पुढच्या रांगेतल्या पोरांनी टाळ्या देत गरबा धरला. गरब्याची मगर, गरब्याची मगर, असं ओरडत गोल फिरले. दुसऱ्या दिवशी तो झगा घडी करून घेऊन आला. म्हणाला, मासी, आता साधा काळा टी शर्ट घालू, लोकांना तेच हवंय. मला वाटलं ही त्याला सोलून काढेल. तिने झगा मांडीवर घेतला, उलट्या बाजूने हात फिरवला, एक सैल आभला दाबून बघितला आणि म्हणाली, "शेपूट काढून माणूस झालास. बरं झालं. चहा घेतोस?" त्या रात्री ती जेवली नाही. पित्त झालं म्हणाली. आमच्या संसारात तिला पित्त झालेलं मला आठवत नाही.

मग वर्षं गेली. माझा कारखाना बंद पडला, मी घरी बसलो. बँड टी शर्टात थोडे दिवस चालला आणि मग एकेक जण नोकरीला बाहेर गेला. वकील विमा विकायला लागला. लालोने फरसाणाचं दुकान टाकलं. झगा ट्रंकेत, कडुलिंबाच्या पाल्यात. थंडी पडली की विश्वामित्रीतल्या मगरी काठावर येऊन उन्हाला पडतात, तशी मासी दर थंडीत ट्रंक उघडायची. "मगर उन्हाला घालते," म्हणायची आणि झगा गॅलरीच्या कठड्यावर टाकायची. समोरच्या भिंतीवर ठिपके पडायचे. खालच्या रस्त्यावरची मुलं ते धरायला धावायची. ती पाटावर बसून नुसती बघत राहायची. मी शेजारी असायचो. ऊन पुढे गेलं की ती झगा आत घ्यायची आणि आमचा दिवस सुरू व्हायचा.

या थंडीत झगा कठड्यावर असतानाच खालून हाक आली. बघतो तर केदार. डोक्यावर केस नाहीत, पोट आलेलं. वर येऊन जमिनीवर बसला, गुडघे धरत. जुनी मंडळी जमतायत, पुढच्या महिन्यात अकोट्याच्या हॉलमध्ये एका रविवारी एकच कार्यक्रम करायचाय, म्हणाला. आणि सगळी खटपट कोणाची, तर वकिलाची. त्यानेच सांगितलं होतं, शेपटाशिवाय मगर आली तर मी तिकीट काढणार नाही. केदार हसला, पण मासीकडे बघत नव्हता. मग म्हणाला, "मासी, माझं शेपूट आहे ना?"

ती म्हणाली, "तुझं कसलं? परत दिलंस ते माझं झालं."

मग तिने विचारलं, "घालशील का पुन्हा आणून देशील?"

"घालीन. तू म्हणशील तसं घालीन."

"दोरा कुजलाय सगळा. पहिल्यापासून लावायला लागेल. अर्धं झालं तर देणार नाही. अर्धी मगर नको."

तो गेल्यावर तिने मला मांडवीला पिटाळलं. तिला जिना उतरवत नव्हता. दुकानात मी आभले द्या म्हटलं, तर गल्ल्यावरचा म्हणाला, मासा, एम नहीं. नीट मागा. मी इकडे तिकडे बघितलं आणि म्हातारपणी मागितलं, पाव किलो आभाळ द्या. घरी येऊन तिला सांगितलं तर ती इतकी हसली की तिला ठसका लागला. रोज ऊन गॅलरीत असेपर्यंत ती शिवायची, मी सुया ओवायचो. अंदाजानेच लावायची. बोटाने कड चाचपायची, टाका घालायची, मग उन्हात वाकडं करून भिंतीवरचा ठिपका बघायची. ठिपका तिला दिसायचा. म्हणायची, सुई दिसत नाही, उजेड दिसतो, मला पुरे.

ती गेली त्या संध्याकाळी विश्वामित्रीच्या काठी सगळं आटोपलं. खांदा द्यायला केदार होता, वकील आणि लालोही होते. केदार निघताना माझ्याजवळ थांबला, मग तसाच गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं. कोपऱ्यात, ती निजली होती त्या जागी, पिठावर दिवा ठेवला होता. कुणीतरी हातात चहा दिला. तो पिऊन मी सवयीने उशी घेतली आणि गॅलरीत बसून सुया ओवल्या. सगळ्या ओवल्या. मग पाटावरचं शेपूट मांडीवर घेतलं. टोकाशी तिची सुई होती तशी होती, दोऱ्यासकट.

माझी थोरली बहीण अक्का दारात येऊन उभी राहिली. "अरे, काय करतोयस? सुतकात सुई धरत नाहीत."

मी म्हटलं, "दोरा तिने ओढून ठेवलाय. मी फक्त पुढे नेतोय."

अक्का थांबली, मग आत गेली. माझे हात लोखंडाचे. पहिला आभला दोनदा निसटला. तिच्यासारखी बोटाने कड चाचपली आणि टाके घातले, वाकडेच, पण घट्ट. तिने ठेवलेले होते तेवढे लावले. दोरा टोकाला येऊन संपला. तो ती दातांनी तोडायची. माझ्या तोंडात स्वतःचा दात नाही, मी पक्कड आणून तोडला. तेवढ्यात ऊन कठड्यावरून आत आलं. शेपूट मांडीवर होतं आणि मी श्वास घेत होतो, एवढंच. ठिपके छतावर गेले, अक्काच्या पांढऱ्या केसांवर, पिठावरच्या त्या दिव्यावर. बायका बोलायच्या थांबल्या. घर पाण्यात गेल्यासारखं झालं. मला कानांत कापूस असल्यासारखं वाटलं, आणि मी हात लावून बघितला. कापूस नव्हता.

केदार आला तो चपला काढूनही दारातच उभा राहिला. म्हणाला, मासा, रविवारचं रद्द करायचं ठरवलंय, सगळ्यांना कळवतो. मी त्याला गॅलरीत बोलावलं आणि झगा त्याच्या खांद्यावर टाकला. पोटावर बंद होईना. तसाच राहू दिला.

"पुरं झालंय," मी म्हटलं. "घाल."

त्याने डोळे पुसले आणि झगा अंगात तसाच ठेवून जिना उतरायला लागला. मी कठड्याशी आलो. तो खाली रस्त्यावर निघाला, भर दांडिया बाजारात, भाजीवाल्याच्या गाडीपुढून, आणि शेपूट मागे धुळीत ओढत होतं. माणसं थांबून बघत होती. मी कठड्यावरून वाकलो आणि जेवढा आवाज होता तेवढ्याने ओरडलो, "शेपूट उचल रे, आभले निघतात."

त्याने उचललं.